पहिल्या वेळी तू पाहुणा होतास

सिडको, नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा मायको सर्कलच्या गर्दीत भेटलास. हेल्मेटच्या आतूनच ओरडलास, "काका, दुसऱ्यांदा बाप होतोय!" आणि मागच्यांनी हॉर्न मारले म्हणून निघून गेलास. बोलायचं राहिलं. फोनवर मला धड सुचत नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं बाळंतपण निफाडला झालं, सूनबाईंच्या माहेरी. तू दर रविवारी जायचास, तासभर लेकीला मांडीवर घ्यायचास, सासूबाईंच्या हातचं जेवायचास आणि संध्याकाळी परत. सोमवारी आपल्या कंपनीच्या टूलरूममध्ये ताजातवाना हजर. तुझा दोष नाही, आपल्याकडे रीतच आहे, पहिलं माहेरी आणि दुसरं सासरी. पण त्यामुळे तुला वाटतंय की एका बाळंतपणाचा अनुभव गाठीशी आहे. नाही रे बाबा. तू पाहुणा होतास. आता डिसेंबरात जे येणार ते तुझ्या दोन खोल्यांत येणार, आणि तिथं आधीच एक साडेतीन वर्षांची मालकीण बसलेली आहे.

तान्ह्याची मला चिंता नाही. त्याला आई लागते, दूध लागतं, ऊब लागते. ते सगळं सूनबाईंना येतं. थोरलीचं मात्र तुला बघायचंय. पुढचे तीन-चार महिने ती तुझी शिफ्ट आहे असं समज, आणि रिलीव्हर येणार नाही.

माझंच सांगतो. १९९३ साली धाकटा झाला तेव्हा आमची थोरली तीन वर्षांची. घरात लुडबुड नको म्हणून तिला सिन्नरला माझ्या बहिणीकडे धाडली. अकरा दिवस. बारशाच्या आदल्या दिवशी आत्याबरोबर परत आली, तर पलंगावर तिच्या जागी कोणीतरी झोपलेलं. रडली नाही, हट्ट केला नाही. चपला काढल्या आणि दाराशीच बसून राहिली. आम्ही आपले खूश, किती शहाणी पोर! दुसऱ्या दिवशी बारशाला टोपडं सापडेना. बायका पाळण्याभोवती खोळंबल्या, शेवटी पोराला उघड्या डोक्यानंच पाळण्यात घातलं. चार दिवसांनी टोपडं तांदळाच्या डब्यात मिळालं, पार तळाशी. मी तिच्यावर असा ओरडलो की शेजारीण बाहेर आली. आज ती स्वतः आई आहे, बहुतेक तिला हे आठवतही नसेल. मला आठवतं.

म्हणून लेकीला कुठंही पाठवू नकोस. आजीकडे नको, आत्याकडे नको. तिची झोपायची जागा बदलायची असेल, बालवाडीत घालायची असेल, तर आत्ताच कर. बाळ आलं आणि आपली गादी गेली, हे एकाच आठवड्यात व्हायला नको.

आणि वेणी घालायला शीक. हसू नकोस. ०.०२ मिलिमीटर धरून काम करणारा माणूस तू, तीन पेड घालणं काय अवघड आहे? तरी पहिले पंधरा दिवस सैल होऊन सुटतील. आधी खोबरेल तेलाचा हात फिरव, कंगव्याच्या टोकानं भांग काढ, मानेजवळचा पहिला गुंता बोटांनीच सोडव, तिथं कंगवा लावलास की ती पळालीच. रबर आधीच मनगटात घालून ठेव. ती म्हणेल, "आई अशी नाही घालत." म्हणू दे. ऑक्टोबरात सवय झाली तर डिसेंबरात तिला असं वाटणार नाही की बाळ आलं म्हणून आईनं वेणी सोडली. अंघोळ, डबा, रात्रीची गोष्ट, सगळ्याला हाच हिशोब.

आता दवाखान्याचं. दुसऱ्या वेळी कळा सुरू झाल्यापासून सुटका बहुधा लवकर होते. पहिल्या वेळी रात्र काढली, म्हणून याही वेळी वेळ आहे, अशा भ्रमात राहू नकोस. रात्री दोनला त्र्यंबक रोड मोकळा असतो, संध्याकाळी सहाला काय असतं ते तुला ठाऊक आहे. अशा वेळी लेकीजवळ कोण थांबणार ते आजच ठरव. आमचं दार वाजव, काकू जागीच असते. पहिल्या बाळंतपणाची फाइल निफाडहून आणून डॉक्टरांना दाखव. सूनबाईंचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते अँटी-डी इंजेक्शनचं बघतील. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांत ते द्यावं लागतं.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. दुसऱ्या वेळी बाळाला पाजायला घेतलं की आईच्या पोटात कळा येतात, पहिल्यापेक्षा जोरात. गर्भाशय पूर्ववत होत असतं, दोन-चार दिवसांत थांबतात. पण थोरली शेजारी बसून बघते की बाळ जवळ आलं आणि आईचं तोंड वाकडं झालं. तिच्या लेखी बाळानं आईला दुखवलं. तिला आधीच सांगून ठेव, पोट दुखतंय, बाळ चावत नाहीये.

मग ती पुन्हा अंथरुण ओलं करेल, बाटलीनं दूध मागेल, बोबडं बोलेल. चादर बदल आणि गप्प बस. "आता तू मोठी झालीस" हे वाक्य घरात कोणी उच्चारायचं नाही. साडेतीन वर्षांची पोर साडेतीनचीच असते. काही लोक मोठ्या पोराला खेळणं देऊन सांगतात, बघ, बाळानं तुझ्यासाठी आणलं. मला नाही पटत. पोरांना दुकान कळतं. त्यापेक्षा डिंकाच्या लाडवांच्या डब्यातला एक लाडू रोज तिच्या हातावर ठेव. तिला बाळाची पापी घ्यायचीच असेल तर हात धुवून पायाची घेऊ दे. बालवाडीतलं सर्दी-पडसं तान्ह्याच्या तोंडाशी नको. तिची लसही राहिलेली नाही ना, ते कार्डावर बघ.

लोक येतील आणि तिच्यादेखत म्हणतील, "आता मुलगा झाला की चौकोन पूर्ण." गप्प बसू नकोस. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण, आमच्याकडे एक आहे आणि तशीच दुसरी आली तरी चालेल.

थंडीत आई खोलीत शेगडी-धुरी करायला निघतील. बंद खोलीत कोळसा नको, एवढ्यावर अडून बस. बाकी त्यांचं ऐक.

रजेचं सूनबाईंना विचार. कायद्यानं दुसऱ्या मुलालाही २६ आठवडे मिळतात, त्यातले ८ पर्यंत आधी घेता येतात. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस आहेत, आपल्यासारख्या खासगी कंपनीवाल्यांना कायद्यानं काहीच नाही. तेव्हा दिवाळीत साठलेली पगारी रजा (पीएल) उडवू नकोस. आणि मिळाल्यावर ती पेढे वाटण्यात घालवू नकोस, सकाळी सात ते दहा घरी राहायला वापर.

आमच्या माळ्यावर पाळणा आहे, सागवानी. कड्या कुरकुरतात, मी तेल घालून ठेवतो. रविवारी लेकीला घेऊन ये. रंग कोणता द्यायचा ते ती सांगेल. टेम्पो सकाळीच सांग, दुपारी तो भाव चढवतो.

तुझा,
टूलरूममधला म्हातारा