नवरा-बायको दोघंच, जपानमध्ये १० रात्री. टोकियो, ताकायामा, कानाझावा, क्योतो, हिरोशिमा, ओसाका एवढं सगळं जमेल का?

जमेल, पण धावपळ होईल. त्यापेक्षा तीनच मुक्काम करा: टोकियो ४, कानाझावा २, क्योतो ४ रात्री. परतीचं विमान ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून घ्या, म्हणजे उलटं टोकियोला यायला नको. हिरोशिमा सोडवत नसेल तर कानाझावा काढा, दोन्ही नको. शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) कितीही जोरात पळाली, तरी हॉटेलं सकाळी १०-११ ला खोली सोडायला लावतात आणि पुढची खोली दुपारी ३ च्या सुमारास मिळते. दर शहराला अर्धा दिवस गेलाच. नारा आणि ओसाका क्योतोहून दिवसभरात होतात. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलमधूनच क्योतोच्या हॉटेलवर कुरिअर करा (तिकडे ताक्क्युबिन म्हणतात), पोचायची तारीख मात्र लिहून द्या, आणि कानाझावाला एकेक सॅक घेऊन जा. क्योतोच्या फुशिमी इनारी देवळात पहाटेच जा; २४ तास उघडं असतं, नऊनंतर नुसती डोकी दिसतात. ७ दिवसांचा जेआर पास (पर्यटकांसाठीचा रेल्वे पास) ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येन झाला, या मार्गावर तो वसूल होत नाही. सुटी तिकिटं काढा. फक्त २९ एप्रिल ते ५ मे टाळा. तेव्हा जपान्यांनाच सुट्ट्या असतात, आणि मग हा आरामशीर बेतही कोलमडतो.