हृदयाच्या गोळ्या कॅन्सरवर चालतात म्हणे; मावशीला डिगॉक्सिन सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की मावशीला स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालंय, महिनाभरात ऑपरेशन आहे आणि हृदयाच्या जुन्या, स्वस्त गोळ्या कॅन्सर पसरू देत नाहीत असा एक लेख नातेवाइकांत फिरतोय. बाबांची डिगॉक्सिन घरात आहेच, तर तीच मावशीला अर्धी-अर्धी द्यावी का, हा तुमचा प्रश्न.

देऊ नका. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते आणि डिगॉक्सिनची चिठ्ठी आली की आजही डोस दोनदा वाचते. पण तो लेख निव्वळ थाप नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लेखामागचं संशोधन बहुधा स्वित्झर्लंडमधलं असावं. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी रक्तात एकेकट्या फिरतात, तशाच काही वेळा पुंजक्यानेही फिरतात, आणि पुंजके दुसऱ्या अवयवात रुजण्याची शक्यता बरीच जास्त असते. झुरिक आणि बाझेलच्या गटाने कॅन्सर पसरलेल्या नऊ स्त्रियांना आठवडाभर डिगॉक्सिन दिलं आणि रक्तातले पुंजके मोजले. पुंजक्यांचा आकार सरासरी दोन पेशींहून थोडा जास्त घटला. २०२५ च्या सुरुवातीला हे प्रसिद्ध झालं. कल्पना सुंदर आहे, मला खरंच आवडली. पण यामुळे कुणाचं आयुष्य वाढलं का, हे यात बघितलेलंही नाही. पुंजके फुटून लहान होतात का, एवढाच प्रश्न होता आणि तेवढंच उत्तर मिळालं.

डिगॉक्सिन कॅन्सरच्या पेशी मारतं असे जे जुने दावे दिसतात, त्यांतली एक गोम सहसा कुणी सांगत नाही. हे औषध पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियमचा पंप अडवतं. उंदराचा पंप माणसाच्या पंपापेक्षा या औषधाला शेकडो पटींनी कमी दाद देतो. आता प्रयोग कसा होतो बघा: उंदराच्या अंगात माणसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवायच्या आणि डिगॉक्सिन टोचायचं. उंदीर मजेत राहतो, गाठ वितळते. वाटतं, काय नेमकं औषध सापडलं! प्रत्यक्षात त्या पेशी मेल्या त्या कॅन्सरच्या म्हणून नव्हे, माणसाच्या म्हणून. तोच डोस माणसाला दिला तर हृदयाच्या पेशीही त्याच वाटेने जातील. २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या स्त्रियांच्या नोंदींवरून असंही दिसलं की डिगॉक्सिन चालू असलेल्यांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण उलट थोडं जास्तच आहे. या रेणूची ठेवण इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती आहे, हे एक संभाव्य कारण. नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण मावशीच्या बाबतीत तुम्हाला हा जुगार नक्कीच नको असेल.

आणि गोळीबद्दल. लॅनॉक्सिन या नावाने मिळणाऱ्या डिगॉक्सिनच्या एका गोळीत पाव मिलिग्रॅम औषध असतं. उपयोगी पडणारी मात्रा आणि विषारी मात्रा इतक्या जवळजवळ आहेत की आपल्याकडे कितीतरी डॉक्टर ती आठवड्यातून पाचच दिवस घ्यायला सांगतात, शनिवार-रविवार सुट्टी. बाबांनाही कदाचित तसंच सांगितलं असेल. केमोत उलट्या-जुलाब झाले की अंगातलं पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची नेहमीची मात्राही अंगावर येते. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, सगळं पिवळट दिसणं, नाडी मंदावणं ही त्याची लक्षणं. यातली पहिली दोन केमोचीच समजून घरचे गप्प बसतात, हीच खरी भीती.

प्रोप्रानोलॉल या हृदयाच्या आणि बीपीच्या जुन्या गोळीबद्दलही तुम्ही विचारलंय. त्याची गोष्ट जास्त खरी आहे, फक्त ती कॅन्सरची नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला एका बाळाच्या चेहऱ्यावर रक्तवाहिन्यांची मोठी लाल गाठ होती, हिमँजिओमा. त्यासाठी स्टिरॉइड चालू होतं, त्याने हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रानोलॉल दिलं. दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडली आणि रंग उतरायला लागला. डॉक्टरांनी २००८ मध्ये हे लिहिलं. पुढे ४६० बाळांवर रीतसर चाचणी झाली, त्यात सहा महिने पूर्ण मात्रा मिळालेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ जवळजवळ नाहीशी झाली. नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली मात्रा, मिळालेल्यांत हा आकडा ४ टक्के. आज आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही ते सर्रास वापरतात. पण ही साधी गाठ आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये प्रोप्रानोलॉलने रुग्ण जास्त जगतात, हे मोठ्या चाचणीत दाखवलेलं नाही.

स्टॅटिनवर, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर, फार वेळ घालवत नाही. नोंदींमध्ये छान दिसलं, प्रत्यक्ष चाचण्यांत बहुतेक ठिकाणी हवा निघाली. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या साडेआठशेच्या आसपास रुग्णांवर प्राव्हास्टॅटिन या स्टॅटिनची चाचणी झाली, फरक शून्य. इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनचं मात्र वेगळं आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये गाठीत पीआयके३ या पेशींची वाढ चालवणाऱ्या साखळीतल्या जनुकांचा बिघाड असेल तर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिनने कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं, हे स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीतून २०२५ मध्ये पुढे आलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये अमेरिकेत तीन हजारांवर रुग्णांना ३०० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, काहीच फायदा नाही. औषध तेच, अवयव बदलला की उत्तर बदललं.

आता ज्याच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मावशीच्या खरोखर कामाचं असू शकतं, त्याकडे येते. लिग्नोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात तेच. हृदयाच्या विभागातही ते जुनं आहे: खालच्या कप्प्यांचे ठोके बिघडले की शिरेतून लिग्नोकेन द्यायचे, झायलोकार्ड नावाची त्याची बाटली आयसीसीयूच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाच्या, ट्रॉलीवर असायची. मग ठोक्यांवरचंच अमायोडॅरोन हे दुसरं औषध आलं आणि लिग्नोकेनची गरज कमी झाली. हृदयात लिग्नोकेन पेशींवरच्या सोडियमच्या वाहिन्या, म्हणजे सोडियम आत शिरण्याच्या वाटा, बंद करतं. कॅन्सरच्या पेशींवरही अशा वाहिन्या असतात आणि त्या पेशींच्या हालचालीला मदत करतात असा अंदाज आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने साधा विचार केला: ऑपरेशनच्या वेळी गाठ हाताळली जाते तेव्हाच पेशी निसटत असतील, तर त्याच क्षणी त्यांना जखडून ठेवता येईल का? देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रिया घेतल्या. अर्ध्या जणींना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती चहूबाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचलं, बाकीच्यांचं नेहमीचं ऑपरेशन केलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्यात ८६.४. कॅन्सर न उलटता राहिलेल्या ८६.६ विरुद्ध ८२.६. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतील, पण कॅन्सरमध्ये एवढ्याच फरकासाठी लाखोंची औषधं विकली जातात, आणि या इंजेक्शनला फार मोठा खर्चच नाही. शंका घेणारेही आहेत. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, आणि हाच निकाल दुसऱ्या कुणी पुन्हा दाखवायला हवा, हे त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. तरी माझ्या घरात कुणाचं ऑपरेशन असतं तर मी सर्जनला विचारलं असतंच.

तुम्हीही विचारा. एक बघा, त्या चाचणीत आधी केमो न घेता थेट ऑपरेशन झालेल्या स्त्रियाच होत्या. मावशीचं आधी केमो ठरलं असेल तर हे आकडे तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. लिग्नोकेनची ॲलर्जी किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर तेही सांगा.

मावशीला आधीपासून हृदयाची किंवा बीपीची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका; बीटा ब्लॉकर (प्रोप्रानोलॉलच्या जातीची गोळी) एकदम सोडला तर छातीत दुखण्यापासून अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. पुढे केमोत लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब ही हृदयाला त्रास देऊ शकणारी औषधं द्यायचं ठरलं, तर डॉक्टर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करतील आणि कदाचित कार्व्हेडिलॉलसारखी गोळी लिहूनही देतील. ती हृदय सांभाळायला असते, कॅन्सरवर नसते.

ऑपरेशनआधीच्या तपासणीला जाताना तिच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. त्यात इकोस्प्रिन असेल तर सर्जनबरोबर भूलतज्ज्ञांनाही दाखवा. ती थांबवायची की चालू ठेवायची, ते दोघं मिळून ठरवतील.