वादळ गेलं, आता जाऊ का?

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिकिटाचे पैसे भरून झालेत आणि नेमका त्या बेटाला हरिकेनचा तडाखा बसलाय. रद्द करायला मन धजत नाही, आणि जावं तर लोकांच्या दुःखात आपण मजा करायला गेल्यासारखं वाटतं, असं लिहिलंयस. हा प्रश्न तुला पडला याचंच मला फार बरं वाटलं.

बातमीत देशाचं नाव बघून काही ठरवू नकोस. २०१९ च्या सप्टेंबरात डोरियन नावाच्या हरिकेनने बहामाजमधल्या अबाको आणि ग्रँड बहामा या बेटांची धूळधाण केली. पण बहामाज म्हणजे सातशेच्या आसपास लहानमोठी बेटं. राजधानी नासाऊ सुरू होती, एक्झुमाची बेटं शाबूत होती, तरी ‘आम्ही सुरू आहोत, या’ असं तिथल्या पर्यटन खात्याला जगाला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. याच्या उलट कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटाचं. २०१७ मध्ये मारिया वादळाने तिथलं वीजेचं जाळंच मोडलं. राजधानी सॅन हुआनमधली हॉटेलं जनरेटरवर उजळली, पण डोंगरातल्या शेवटच्या वस्त्यांत वीज यायला जवळजवळ अकरा महिने गेले. म्हणून विमानतळ सुरू झाला, एवढ्यावर विसंबू नकोस. तुला जिथे राहायचंय त्या गावाची, त्या किनाऱ्याची चौकशी कर.

चौकशीही नेमकी हवी. हॉटेलवाल्यांना ‘सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलंस तर ‘हो, ठीक आहे’ हेच उत्तर येईल. त्यांनाही पोट आहे. त्यापेक्षा विचार, नळाचं पाणी पिता येतं का? पाण्याचं गाडं किती दिवस अडतं याचा आपल्याला अंदाज नसतो. २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पुरानंतर अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिलसारख्या शहरात नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. मग विचार, खोल्यांमध्ये सध्या कोण राहतंय? घरं गमावलेली माणसं किंवा वीजदुरुस्तीची पथकं असतील, तर ती खाट तुझी नाही. तारीख पुढे ढकल. आणि तिसरं, तुमच्याकडे काम करणाऱ्यांच्या घरावर छप्पर आलं का?

हा तिसरा प्रश्न मी कसा शिकले ते सांगते. एका प्रवास कंपनीने ‘सगळं पूर्वपदावर आलंय’ असं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मी एकदा वादळानंतर सहाव्या आठवड्यात एका बेटावर गेले. हॉटेलात एसी होता, गरम पाणी होतं. सकाळी चहा घेऊन आलेल्या मुलीचे हात कोपरापर्यंत ओरखडलेले दिसले. विचारलं, तर म्हणाली, ड्युटी संपली की घरच्या पडलेल्या पत्र्यांखालून सामान काढते, आणि प्यायचं पाणी इथूनच दोन बाटल्या भरून नेते. त्याच सकाळी मी शॉवरखाली पंधरा मिनिटं उभी होते. ते पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पण म्हणून कायमचं टाळायचंही नाही, हे तितक्याच कळकळीने सांगते. मारियानेच कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटाला झोडपलं होतं, पाचव्या म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं वादळ, धड छप्पर शोधावं लागे. तिथे मी आठ-नऊ महिन्यांनी गेले. डोंगरावरची झाडं बिनफांद्यांची उभी होती आणि पालवी थेट बुंध्यातून फुटलेली, खोडाला हिरवी लव आल्यासारखी. छोटं अतिथिगृह चालवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे मदत मागितली नाही. ‘आणखी एक रात्र राहशील का?’ एवढंच विचारलं. त्या रात्रीच्या पैशांतून मागच्या खोलीचे पत्रे येणार होते. अशा घरगुती जागेत राहा, गाइड गावातलाच घे, जेवण तिथल्याच खानावळीत घे. बाहेरून सगळं बांधून आणलेल्या सहलीचे पैसे त्या गावात फारसे उतरतच नाहीत.

विम्याचं नीट ऐक, कारण इथे बहुतेक जण फसतात. वादळाला नाव दिलं गेलं की ते ‘माहीत असलेलं संकट’ धरलं जातं. त्यानंतर काढलेल्या पॉलिसीत त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही. तुझी पॉलिसी कोणत्या तारखेची आहे ते आधी बघ. अटलांटिकमधल्या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, सप्टेंबरच्या मध्याला ऐन भरात. तारीख बदलायचीच असेल तर हंगाम उलटून गेल्यावरची घे. खचलेलं छप्पर दुसरं वादळ सोसत नाही, आणि तिथल्या लोकांना पुन्हा पळावं लागलं तर त्यांच्या वाटेत आपण नको.

सोबत रोख रक्कम ठेव, वीज-नेट गेलं की कार्डाचं यंत्र बंद पडतं. औषधं पुरेशी घे. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते डॉक्टरांना विचार, कारण खिळे आणि पत्रे सगळीकडे पडलेले असतात. साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नकोस, लेप्टोच्या तापाची भीती असते. रात्री गाडी चालवू नकोस, सिग्नल आणि पाट्या जागेवर असतीलच असं नाही. आणि जुन्या कपड्यांची बॅग भरून नेऊ नकोस. न मागितलेल्या सामानाचे ढीग उपसण्यात तिथल्यांचेच हात अडकतात. काही न्यायचंच असेल तर काय हवंय ते त्यांनाच विचारून ने.

पडक्या घराचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नकोस. ‘त्या रात्री काय झालं?’ असंही आपणहून विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर ते सांगतील, तेव्हा मोबाइल खाली ठेवून ऐक.

आता हॉटेलच्या वेबसाइटवर शोधत बसू नकोस, थेट फोन लाव. तिन्ही प्रश्न विचार आणि उत्तरं जशीच्या तशी मला लिहून पाठव. मग आपण बसून तारखा बघू.

तुझी,
मावशी