परवाना चालवायला घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याच्या नावावरचा वाइन शॉपचा परवाना चालवायला घेतोस म्हणून लिहिलेलं तुझं पत्र आणि सोबतचा हिशेब मिळाला. रोजचा गल्ला लाखाचा, शंभरामागे दहा सुटले तर महिन्याला तीन लाख, परवानेवाल्याला एक लाख दिले की दोन लाख आपले. बेरीज चुकलेली नाही. पण मी वाइन शॉपच्या काउंटरमागे बत्तीस वर्षं काढली आहेत, आणि तू वडिलांची जमीन गहाण ठेवायला निघालास हे वाचून मला झोप लागली नाही.

तुझेच आकडे धरू. चौकातल्या गाळ्याचं भाडं साठ हजार. जागामालक जीएसटीत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे ७०,८००. दारूवर जीएसटी नाही, त्यामुळे हा भरलेला कर तुला कुठे वळता करून घेता येत नाही. चार माणसांचे पगार बहात्तर हजार. फ्रीज रात्रंदिवस चालतात, वीजबिल अठरा हजार धर. तुझ्या दोन लाखांतले हातात उरले ३९,२००. त्यातून फूटतूट, हमाली, कर्जाचं व्याज. वर्षाची परवाना फी कोण भरणार, हे तर तू लिहिलेलंच नाहीस.

छापील किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, म्हणून या धंद्यात कमाई माल किती वेळा फिरतो त्यावर असते. क्वार्टरच्या, म्हणजे १८० मिलीच्या बाटल्यांच्या, पेटीत ४८ नग. चालणारा ब्रँड असेल तर शनिवारी आलेली पेटी सोमवारी संपते. शेजारी काचेच्या कपाटात सहा हजारांची स्कॉच आठ महिने उभी असते. गिऱ्हाईक बघतं, किंमत विचारतं, आणि क्वार्टर घेऊन जातं. ती बाटली दुकानाची शोभा आहे, पण तिच्यात अडकलेल्या पैशाचं व्याज तू भरतोस.

२०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढलं. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, नव्या महाराष्ट्र मेड दारूला १४८ आणि भारतात बनलेल्या विदेशीला २०५ रुपये झाली. तेवढ्याच बाटल्या भरायला आता जास्त भांडवल लागतं, आणि ज्याच्या खिशात दीडशे आहेत तो २०५ ची क्वार्टर उचलत नाही. त्यामुळे जुन्या विक्रीचे आकडे दाखवून कोणी सौदा करत असेल तर भुलू नकोस. या वर्षाची रजिस्टरं माग.

आता मुख्य गोष्ट. राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून थांबलेले आहेत, म्हणून जुन्या परवान्याला सोन्याचं मोल आहे. ते मोल ज्याच्या नावावर परवाना, त्याचं. ‘चालवायला घेणं’ सर्रास बोललं जातं, पण कायद्यात ते बसत नव्हतं; २०२५ मध्ये कुठे सरकारने जादा फी घेऊन रीतसर करारानं परवाना चालवायला देण्याचा निर्णय घेतला. तसा रीतसर करार नसेल तर काउंटरवर उभं राहायला तुझ्या नावाचा नोकरनामा, म्हणजे तू दुकानातला नोकर असल्याचा कागद, काढतील. भांडवल तुझं, कर्ज तुझं, आणि कागदावर तू नोकर. उद्या दुकान चांगलं चाललं आणि मालकाचा मुलगा म्हणाला, आता मीच बघतो, तर तू कोणता कागद दाखवणार आहेस? भागीदार म्हणून परवान्यावर रीतसर नाव चढवायला मोठी फी लागते. तरी तेवढी ऐपत येईपर्यंत थांब.

दुकान बंद पडणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दुकानं बंद झाली. आमचंही त्यात होतं. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांपायी माणसं मरत होती, निकाल मला आजही योग्य वाटतो. पण एप्रिल-मे हे बिअरचे महिने, म्हणून मार्चमध्येच दीडशे पेट्या भरल्या होत्या. शटर उघडेपर्यंत निम्म्यांची मुदत संपली. पंचनामा करून एकेक बाटली मोरीत ओतली. दिवसभर फेस वाहत होता, आणि मालक पायरीवर बसून रिकाम्या बाटल्या मोजत होते. परवाना त्यांचा होता म्हणून ते पुन्हा उभे राहिले. तुझ्याजवळ काय उरलं असतं?

गावातल्या दुकानाला आणखी एक धोका असतो. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. त्या बायांवर चिडू नकोस. पगाराच्या संध्याकाळी एक बाई पायरीशी येऊन मला म्हणायची, ‘दादा, आज त्यांना देऊ नका, पोरीची फी भरायचीय.’ मी दिली नाही. तो शिव्या देत दुसरीकडे गेला असेल, पण माझ्या हातून गेली नाही. कोवळा चेहरा दिसला की आधार कार्ड माग. बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. तसं एखादं गिऱ्हाईक रोज परत पाठवावं लागेल, ते तुझ्या गल्ल्याच्या हिशेबात धर.

सही करू नकोस. कराराचा मसुदा घेऊन आधी माझ्याकडे ये. ३१ मार्चला संध्याकाळी आलास तर उत्तम, वर्षअखेरची मोजणी असते. मी पेट्या मोजत जाईन, रजिस्टर तू लिही.

तुझा,
काका