लहान कुटुंबशेतीसाठी काम करायचंय : संशोधन, शिक्षण की धोरण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बीएस्सी कृषी झालंय, घरी सिन्नर तालुक्यात तीन एकर आहे, आईवडील त्यातच राबतात. अशाच घरांसाठी काही करायचं आहे, तर पुढे संशोधनात जावं, विस्तार-शिक्षणात (शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याच्या कामात) जावं की धोरणावर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत?

मी नाशिकला कृषी विस्तार शिकवते. माहेरची अडीच एकर चांदवड तालुक्यात आहे, ती भाऊ-वहिनी कसतात. माझं मत सरळ सांगते. संशोधनात जा, पण शेतकऱ्याच्या वावरात होणाऱ्या संशोधनात. तिथे 'एकरी किती निघालं' याच्या आधी 'वर्षअखेर घरात काय राहिलं आणि साल खराब गेलं तर हे घर तग धरेल का' हे विचारलं जातं का, ते बघा. शिक्षण आणि धोरण दोन्ही त्या प्रश्नाच्या मागे चालत येतात.

तुमच्या घरासारखी घरं थोडीथोडकी नाहीत. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातली शेतजमिनीची 86 टक्के खाती दोन हेक्टरच्या आतली आहेत. महाराष्ट्रात 1970-71 साली सरासरी खातं 4.28 हेक्टरचं होतं, ते 1.34 हेक्टरवर आलंय. म्हणजे तुमचे तीन एकर ही आता राज्याची जवळपास सरासरीच झाली. तरीही शिफारशी, योजना आणि कर्जाचे नियम आखताना डोळ्यांसमोर अजून मोठा बागायतदार असतो, असं मला वारंवार दिसतं.

कांद्याचंच घ्या, कारण आपल्या जिल्ह्यात सगळं तिथेच येऊन ठेपतं. ज्ञान कमी आहे असं मुळीच नाही. निफाड तालुक्यात चितेगाव फाट्याला राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान आहे, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, राहुरी कृषी विद्यापीठाचं एन-2-4-1 हे वाण गावोगाव लावला जातो. टिकणारं वाण, हवा खेळती ठेवणारी चाळ (कांदा साठवायची शेड), काढणीआधी पाणी कधी तोडायचं, पात सुकेपर्यंत कांदा शेतात कसा ठेवायचा, हे सगळं शोधून झालंय. लासलगावला 2002 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र आहे. विकिरणाने कोंब येत नाहीत हे खरं, पण सड आणि वजनातली घट त्याने थांबत नाही. त्यासाठी पुढे शीतगृह हवं. ज्याच्याकडे शंभर क्विंटल कांदा आहे त्या घरापर्यंत ही साखळी पोचतच नाही.

आता त्या घरात काय होतं ते बघा. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघतो. चाळीत नीट ठेवला तर चार-सहा महिने टिकतो आणि पुढे बऱ्याचदा भाव चढतो. हे माझ्या वहिनीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण काढणीच्या मजुरीची उधारी असते, कृषी सेवा केंद्राचं खातं थकलेलं असतं, सोसायटीचं नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं घेणं) करायचं असतं, मुलांची फी असते. मग कांदा शेतातूनच बाजार समितीत जातो, लिलावात जो भाव लागेल तो घेतला जातो, आणि हमाली-तोलाई कापून पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती) हातात येते. इथे वाण निकामी ठरलेलं नाही आणि शेतकरी अडाणीही नाही. त्या घराला थांबायची ताकद नव्हती, एवढंच. ही ताकद कशाने येईल, याचा अभ्यास फार थोडे लोक करतात. माल तारण ठेवून कर्ज, चार-पाच घरांची मिळून एक चाळ, अर्धा कांदा लगेच आणि अर्धा टप्प्याटप्प्याने विकणं, यातलं कोणाला काय परवडतं हे घरोघरच्या हिशेबाशिवाय कळणार नाही. तुम्ही हे करा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

धोरण या घरावर कसं येऊन आदळतं तेही कांद्यातच दिसतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांदा निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं आणि 8 डिसेंबर 2023 ला निर्यातच बंद झाली. ती बंदी मे 2024 मध्ये उठली, पण शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. डिसेंबरात बाजारात असतो तो खरिपाचा लाल कांदा. तो साठवता येत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे बंदीची तारीख एका कार्यालयात ठरली, तरी तिचा सगळा भार थांबूच न शकणाऱ्या पिकावर आणि थांबूच न शकणाऱ्या माणसावर पडला. शहरातल्या माणसाला कांदा परवडावा हे मलाही मान्य आहे. पण निर्णय घेणाऱ्यापुढे त्या आठवड्यात कोणाच्या शेतात कोणता कांदा आहे आणि त्याला एकरी काय खर्च आलाय, याचे विश्वासार्ह आकडे असतील, तर निदान तारीख तरी विचार करून ठरेल. कांद्याला हमीभाव नाही, म्हणून त्याच्या खर्चाची तशी चर्चाही होत नाही. धान्य-कडधान्याच्या हमीभावात कृषी खर्च व मूल्य आयोग निदान घरच्यांच्या श्रमाची मजुरी धरतो. कांद्याच्या रोपाच्या लागणीत वहिनी दिवसभर वाकलेली असते, ते श्रम कुठल्याच कागदावर येत नाहीत.

संशोधन, शिक्षण आणि धोरण हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे : दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण. कालव्याच्या शेपटाकडच्या ओझर परिसरात पाणी पोचतच नव्हतं. तिथे समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1990 च्या आसपास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी एकराच्या हिशेबाने घेण्याऐवजी मोजून, घनमापाने घ्यायचं ठरलं. मग कोणतं पीक घ्यायचं ते संस्थेच्या हातात आलं. वाट्याचं पाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी जिवंत केल्या गेल्या. मोजणी अभ्यासकांनी शिकवली, सभासदांनी आवर्तनाचा (पाण्याच्या पाळीचा) हिशेब स्वतः ठेवायला घेतला, आणि पुढे अख्ख्या धरणाच्या लाभक्षेत्रात संस्था झाल्या. सिंचन पद्धतीच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा राज्याचा कायदा 2005 साली आला, त्याच्या मागे अशा अनुभवांचं बळ होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे नेते. पुस्तकातला 'सहभाग' पाण्याच्या पाळीच्या वहीत कसा दिसतो, हे त्यांनी बघावं म्हणून.

उलट बाजू द्राक्षात आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडली. तोवर बागायतदार ते नेहमीचं औषध म्हणून वापरत होते. बाहेरच्या बाजाराचा नियम, प्रयोगशाळेची तपासणी आणि बांधावरचा सल्ला यांची वेळेवर गाठ पडली नाही, आणि दीड-दोन एकरवाल्याचं अख्खं साल गेलं. पंचवीस एकरवाला एका हंगामाचा फटका सोसतो. म्हणून मला लहान शेतकऱ्यासाठी सल्ला बरोबर असण्याइतकाच तो वेळेवर मिळणं महत्त्वाचं वाटतं. आज हा सल्ला बहुतेकांना उधारीवर औषध देणाऱ्या दुकानदाराकडून मिळतो. तिथे बदल करायचा असेल तर गावपातळीवरच्या सरकारी कृषी कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांच्यावरचा कागदांचा भार, या दोन्हींवर बोलावं लागेल.

दोन गोष्टी तुमच्या प्रश्नात नव्हत्या, पण त्या सोडून चालणार नाही.

पहिली, सातबाऱ्यावरचं नाव. चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : बायकोच्या नावावर जमीन करा. आमच्या तालुक्यात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. तरी बहुतेक घरांत बाईचं नाव वारसनोंदीच्या वेळीच लागतं. नाव नसेल तर सोसायटीचं सभासदत्व नाही, पीककर्ज नाही, आणि प्रशिक्षणाचं बोलावणंही नवऱ्याच्याच नावाने येतं. निम्म्याहून जास्त कामं जिच्या हातून होतात तिला वगळून केलेलं शिक्षण मला अपुरं वाटतं.

दुसरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी. तिथली भात-नागली-वरईची घरं पाऊस संपला की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. 6 ते 12 मार्च 2018 ला नाशिकहून मुंबईला जो शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला त्यात ही माणसं फार मोठ्या संख्येने होती, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ही त्यांची मुख्य मागणी होती. कसणारा माणूस कागदावर धड मालक ठरत नाही तोवर कर्ज, विमा, अनुदान सगळंच अडतं. नागलीच्या सुधारित वाणाचं प्रात्यक्षिक त्याच्यासाठी त्यानंतर येतं.

आता तुम्ही काय करावं ते. एमएस्सीला विस्तार किंवा कृषी अर्थशास्त्र घ्या आणि प्रबंधाचा विषय स्वतःच्या गावातून निवडा. पदवीच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवात ज्या घरांशी ओळख झाली असेल ती तोडू नका. दहा-बारा घरांचा पूर्ण वर्षाचा जमाखर्च ठेवा : घरचे श्रम, उधारीचं व्याज, विकलेल्या प्रत्येक गाडीची पट्टी, गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब कांदा) किती निघाली तेसुद्धा. हिशेबाला घरातल्या बाईला बसवा, नाहीतर निम्मे आकडे चुकतील. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकलाच आहे, तिथल्या तज्ज्ञांना आधी भेटा. शेतावरच्या चाचण्या कशा मांडायच्या ते तिथे शिकता येईल. हा हिशेब हातात असेल तर धोरणावर काम करणाऱ्या संस्थाही तुमचं ऐकतील.

तुमचं वावर सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यात आहे की कालव्याखाली, ते प्रश्नात लिहिलेलं नाही. तेवढं कळवा. पहिल्या वर्षी कोणती पिकं हिशेबाला धरावीत ते त्यावर ठरेल, आणि वहीचे रकाने कसे आखायचे ते मी इथेच लिहून देईन.