तोंतेरीआ, एस्तुपिदेस की नेसेदाद?

प्रश्न : टॉवेल निर्यातीच्या ऑफिसातून मेक्सिकोच्या ग्राहकांना स्पॅनिशमध्ये मेल लिहावे लागतात. ‘मूर्खपणा’ला शब्दकोशात हे तीन शब्द दिसतात. कुठला वापरू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रोजच्या बोलण्यात ‘तोंतेरीआ’. जोर ‘री’वर, लिहिताना त्या अक्षरावरची आघातखूण विसरू नका. हा शब्द सौम्य आहे, शिवाय ‘क्षुल्लक गोष्ट’ असाही अर्थ देतो: ‘दिस्कुतीर पोर उना तोंतेरीआ’ म्हणजे फालतू कारणावरून वाद घालणं. ‘एस्तुपिदेस’ मात्र झोंबतो. समोरच्याच्या निर्णयाला तो लावलात, तर पुढची ऑर्डर विसरा!

खरी गंमत ‘नेसेदाद’ची. स्पेनमध्ये तो पुस्तकी वाटतो. मेक्सिकोत त्याचं विशेषण ‘नेसिओ’ म्हणजे बहुधा हट्टी, सांगूनही न ऐकणारा. म्हणून तिथे ‘नेसेदाद’मध्ये अक्कल कमी असल्यापेक्षा आडमुठेपणाच जास्त ऐकू येतो. सोलापूरच्या मे महिन्यात, सगळे नको म्हणत असताना भर दुपारी डोक्याला काही न बांधता निघण्याला हा शब्द चपखल बसतो.

तिन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून आधी ‘उना’ (एक). आणि मेलमध्ये स्वतःची चूक कबूल करायची असेल, समजा टॉवेलचं जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) ४०० ऐवजी ५०० पडलं, तर यातला एकही नको. सरळ ‘एरोर’ लिहा. तो पुल्लिंगी: ‘उन एरोर’.