संकरित गोऱ्हा वळू म्हणून ठेवावा का?

प्रश्न : अमेरिकेत आपल्या भारतीय गुरांच्या संकरातून 'सांता गर्ट्रूडिस' ही मांसासाठीची जात तयार झाली, असे वाचले. माझ्याकडे होल्स्टीन-गीर संकराचा देखणा गोऱ्हा आहे. तो वळू म्हणून ठेवून घरचीच जात करता येईल का?

उत्तर : वाचलेत ते खरे आहे. टेक्सासमधील किंग रँचवर शॉर्टहॉर्न गायींना तिथला उन्हाळा आणि गोचीड सोसेना. म्हणून १९१८ मध्ये ब्राह्मण रक्ताचे ५२ वळू घेऊन त्यांच्याकडून सुमारे २,५०० शॉर्टहॉर्न गायी फळवल्या. ब्राह्मण ही जात आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासूनच अमेरिकेत घडलेली. १९२० मध्ये 'मंकी' नावाचा तांबडा वळू जन्मला. तोच या जातीचा मूळपुरुष. सरकारी मान्यता मिळाली १९४० मध्ये. या जातीत पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मण रक्त धरतात.

हे प्रमाण कागदावर सहज जुळते. जात त्याने होत नाही. पहिल्या पिढीचा संकर जोमदार आणि एकसारखा दिसतो. संकरित गुरे आपसात फळवली, की पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि संकराचा जोमही साधारण निम्म्यावर येतो. संकरित बाजरीचे घरचे बी पेरल्यावर कणसे लहानमोठी येतात, तेच इथे घडते. किंग रँचला हजारो गायींतून निवड करता आली आणि नको असलेले जनावर मांसासाठी विकता आले. आपल्याकडे गोवंश हत्याबंदी आहे. बाद ठरलेल्या प्रत्येक जनावराचा चारा तुमच्याच खिशातून जाणार. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्यापासून 'फुले त्रिवेणी' घडवली, तीसुद्धा संस्थेच्या कळपावर आणि काटेकोर नोंदींवर. दहा-बारा गायींवर हे जमणार नाही.

त्यामुळे गोऱ्हा देखणा असला, तरी त्याचे खच्चीकरण करून घ्या. मोकळा राहिला तर दोन-तीन वर्षांत तो स्वतःच्याच कालवडींवर जाईल. अशा वासरांत अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातला संकर, २५ टक्क्यांवर पोहोचते; वाढ खुंटते, गाभ राहण्याच्या तक्रारी वाढतात.

गायींना सिद्ध वळूचेच, म्हणजे ज्याच्या मुलींचे दूध तपासून पाहिले आहे अशा वळूचेच, कृत्रिम रेतन करा. होल्स्टीन, जर्सी यांचे परदेशी रक्त ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. हिरवा चारा आणि पाणी बारमाही असेल तरच ६२.५ टक्क्यांपर्यंत जा. गोठवलेल्या रेताच्या कांडीवरचा (बारीक नळीवरचा) वळू क्रमांक प्रत्येक वेळी वहीत उतरवा आणि कालवड माजावर आली की आधी ती नोंद पाहा, म्हणजे तिच्या बापाचीच कांडी पुन्हा वापरली जाणार नाही. गोठ्यात शुद्ध खिलार किंवा देवणी गाय असेल, तर तिला तिच्याच जातीचे रेतन द्या.